तत्त्वांचे पत्ते, लं-वं-रं आणि आजीचा नवार्ण: पाश्चात्त्य साधनेत तंत्र कितपत मिसळावं?

तुमचं विचारणं थोडक्यात असं. तुम्ही मूळचे कोल्हापूरचे, सध्या नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये. तिथे 'गोल्डन डॉन' या लंडनच्या जुन्या गुप्त संघटनेच्या पद्धतीने साधना करणाऱ्या एका छोट्या गटात जाता. ते रंगीत 'तत्त्वां'च्या पत्त्यांवर ध्यान करतात आणि ही भारतीय तंत्रविद्या आहे असं सांगतात, ते खरं का? दुसरं, त्यांच्या 'मिडल पिलर' साधनेत (अंगातल्या पाच ठिकाणी हिब्रू देवनामं घुमवायची ती) लं, वं, रं ही एकाक्षरी मंत्रबीजं घालून, श्वास रोखून कुंडलिनी जागवायचा प्रयोग सुरू झालाय आणि तेव्हापासून तुमची झोप उडालीय. तिसरं, आजीच्या वहीत देवीचा नऊ अक्षरी नवार्ण मंत्र सापडलाय आणि गटप्रमुख तो आपल्या विधीत घ्या म्हणून मागे लागलेत. घ्यावा का?

झोपेचं आधी, कारण बाकीचं थांबू शकतं. श्वास रोखणं आजपासून बंद. बीजं, रंग, चक्रं सगळं महिनाभर बाजूला ठेवा. वेळेवर पोटभर जेवा, संध्याकाळी पायी फिरा. दोनेक आठवड्यांत झोप रुळावर आली नाही तर सरळ डॉक्टरांकडे जा आणि काय करत होतात ते न लाजता सांगा. कुणी नसताना आवाज ऐकू येत असतील, उगाच प्रचंड भीती वाटत असेल, तर दोन आठवडेही थांबू नका. गटात कुणी म्हणालं की 'ही कुंडलिनीच जागी होतेय, होऊ द्या', तर वाद घालू नका, पण ऐकूही नका. काश्मीरच्या गोपी कृष्णांना १९३७ साली आलेला कुंडलिनीचा अनुभव त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवला. त्यात तेजाच्या वर्णनाइतकीच अंगाच्या आगीची, निद्रानाशाची आणि वेड लागेल या धास्तीची हकीकत आहे, आणि ते दुखणं वर्षानुवर्षं चाललं. लोक तेजाचं पान तेवढं वाचतात.

आता पत्ते. मूळ भारतीयच आहे आणि तिकडे कसं गेलं तेही सांगता येतं. शिवस्वरोदय नावाचा शिव-पार्वती संवादाचा संस्कृत ग्रंथ आहे. विषय नाकपुडीतून वाहणारा श्वास. डावा स्वर इडेचा, उजवा पिंगळेचा, आणि प्रत्येक स्वरात पाचही तत्त्वं आळीपाळीने वाहतात असं त्याचं म्हणणं. कोणतं तत्त्व चालू आहे हे ओळखायच्या खुणा अगदी हाताशी असलेल्या आहेत. नाकासमोर आरसा धरायचा, त्यावर श्वास सोडायचा आणि वाफेचा डाग बघायचा. चौकोनी उमटला तर पृथ्वी, अर्धचंद्र तर आप, त्रिकोण तर तेज, गोल तर वायू, नुसते ठिपके तर आकाश. श्वास नाकापासून किती लांब जाणवतो तेही मोजायचं: पृथ्वी १२ अंगुळं, आप १६, तेज ४, वायू ८. पृथ्वीचा रंग पिवळा, पाण्याचा पांढरा, तेजाचा लाल, वायूचा ढगासारखा निळा आणि आकाशाला सगळेच रंग. तुमच्याकडे हिवाळ्यात खिडकीच्या काचेवर हे सहज करून बघता येईल. सुरुवातीला सगळे डाग बटाट्यासारखे दिसतात, डोळा सरावायला वेळ लागतो.

आणि हे ओळखून करायचं काय? तर काम निवडायचं. पृथ्वी चालू असताना स्थिर कामं, पाण्यात चर कामं, तेजात क्रूर कामं. आकाश चालू असेल तर दुसरं काहीच करू नये, योगाभ्यास तेवढा करावा. स्वर बघून प्रश्न सांगणारे आपल्याकडे होते ते याच शास्त्रावर.

मेरठचे रामप्रसाद हे थिऑसॉफिकल सोसायटी या गूढविद्येच्या संस्थेतले गृहस्थ. त्यांनी या स्वरशास्त्राचा इंग्रजी अनुवाद आणि त्यावरचे आपले निबंध १८९० साली पुस्तकरूपाने काढले. 'गोल्डन डॉन' ही गुप्त संघटना लंडनमध्ये १८८८ साली निघालेली. वेस्टकॉट, मॅथर्स आणि वुडमन हे तिचे तीन संस्थापक, तिघेही फ्रीमेसन. त्यांची बैठक ज्यूंच्या कब्बाला या गूढविद्येची, त्यावर इजिप्तच्या देवतांचा आणि टॅरो पत्त्यांचा साज. त्यांना रामप्रसादांचं पुस्तक हाती लागलं आणि त्यातले आकार-रंग त्यांनी उचलले. पांढरा अर्धचंद्र रुपेरी झाला, आकाशाचे ठिपके जाऊन काळपट जांभळं अंडं आलं. शिवाय एका तत्त्वाच्या पोटात दुसरं तत्त्व काढून पाचाचे पंचवीस पत्ते झाले.

खरा बदल मात्र वापरात आहे. लाल त्रिकोणाच्या पत्त्याकडे डोळे थकेपर्यंत बघायचं, मग नजर झटकन पांढऱ्या कागदावर न्यायची. तिथे हिरवा त्रिकोण तरंगताना दिसतो. हा डोळ्याच्या पडद्याचा धर्म आहे, त्यात गूढ काही नाही. तो हिरवा त्रिकोण मनाने मोठा करायचा, त्याचा दरवाजा करायचा, त्यातून आत जायचं आणि पलीकडे काय दिसतं ते टिपून ठेवायचं. शिवस्वरोदयात असलं काही नाही. तिथे साधकाचं लक्ष स्वतःच्या नाकपुडीवर आणि हातातल्या कामावर असतं. दिव्यदृष्टीने दुसऱ्या लोकात फिरून येणं हा त्याचा हेतू नाही. म्हणजे तुमच्या गटाला मी सांगेन की साहित्य भारतीय आहे, साधना लंडनची आहे. यात मला कमीपणा वाटत नाही. ती त्यांनी मन लावून बांधली, तिला आपले नियम आहेत, आत शिरलं त्याच दारातून परत येण्याची शिस्त आहे. पत्ते हवे तर झोप सुधारल्यावर पुन्हा सुरू करा. 'ही आमची' म्हणून छाती फुगवायची गरज नाही आणि 'आमचं चोरलं' म्हणून चिडायचीही नाही.

या देवघेवीत गंमती पुष्कळ. थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट १८७९ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले आणि अड्यारला जाईपर्यंत थिऑसॉफीचं बिऱ्हाड मुंबईतच होतं. बाईंना तंत्र म्हणजे काळी विद्या वाटे. रामप्रसादांच्या आधारग्रंथाला 'हे निव्वळ तांत्रिक' म्हणून त्यांनी शिष्यांना सावधही केलं होतं. पण बाईंच्याच मासिकात आलेले रामप्रसादांचे निबंध पाश्चात्त्य साधनेच्या पोटात कायमचे जाऊन बसले. मुंबईत याच मंडळींत तुकाराम तात्या पडवळ होते, 'जातिभेद विवेकसार' लिहिणारे, तुकोबांची गाथा छापणारे. हठयोगप्रदीपिकेचं इंग्रजी भाषांतर १८९३ मध्ये त्यांनीच प्रसिद्ध केलं. वारकरी गाथा आणि हठयोग एकाच माणसाच्या हातून छापून निघत होते आणि त्यातलं दुसरं जहाजाने लंडनला जात होतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर मला जास्त बोलायचंय, कारण घोळ तिथे आहे.

तंत्रातला कुठलाही विधी हा क्रम असतो. सुटे भाग वेगळे काढले की त्यांचं काम बदलतं, कधी उलटतं. लं, वं, रं, यं, हं ही बीजं तुम्हाला 'चक्र उघडणारे आवाज' म्हणून दिली गेलीत. आमच्याकडे ती प्रामुख्याने भूतशुद्धीत, म्हणजे पूजेआधी शरीरातली पंचमहाभूतं शुद्ध करायच्या विधीत येतात आणि तिथे ती काय करतात ते बघा. आधी पृथ्वी पाण्यात विरवायची, पाणी तेजात, तेज वायूत, वायू आकाशात, आकाश अहंकारात, अहंकार महत् तत्त्वात आणि ते प्रकृतीत. म्हणजे आपलं शरीर भावनेने मोडून मुळाशी नेऊन ठेवायचं. मग डाव्या कुशीत पापपुरुषाचं ध्यान: अंगठ्याएवढा, काळा, तांबड्या दाढीचा, तांबड्या डोळ्यांचा, हातात ढाल-तलवार. ब्रह्महत्या हे त्याचं डोकं, सोन्याची चोरी त्याचे हात, मद्यपान त्याचं हृदय. डाव्या नाकपुडीने श्वास घेताना १६ वेळा यं, त्याने तो वाळतो. श्वास धरून ६४ वेळा रं, त्याने जळतो. सोडताना ३२ वेळा वं, त्याने राखेवर अमृताचा वर्षाव. मग लं, त्याने नवं शरीर घट्ट होतं. पुढे प्राणप्रतिष्ठा, न्यास (अवयवांवर मंत्राक्षरं ठेवणं), आणि मग कुठे देवतेची पूजा. देव होऊन देवाची पूजा करायची, असा हा हिशोब.

इथे रं जाळायला आहे आणि त्याच्यामागे लगेच वं आहे, लं आहे. तुमच्या गटाने लं, वं, रं असा उलटा क्रम घेतला, श्वास धरून रं वर थांबले आणि त्यापुढचं वं, लं गाळलं. जाळलं पण शिंपलं नाही, घट्ट केलं नाही. यात कुणाला देवाचा कोप दिसेल, कुणाला रोखलेल्या श्वासाने चाळवलेली मज्जासंस्था. कसंही बघा, अपुरा क्रम हीच अडचण आहे. ६४ मात्रांचा कुंभक, म्हणजे श्वास धरणं, हा आमच्याकडेही गुरू समोर असल्याशिवाय कुणी देत नाही. घरच्या संध्येत घेणं, धरणं, सोडणं यांचं १-४-२ असं प्रमाण ठेवून आकडे बेताचे घेतात, ते उगाच नाही.

मिडल पिलरशी तर बीजांचा सांधाच जुळत नाही. ही साधना इस्रायल रेगार्डी यांनी १९३८ च्या पुस्तकातून लोकांपुढे आणली. ते एकेकाळी अलिस्टर क्रॉली या इंग्रज गूढविद्यावाल्याचे सचिव होते. त्यात अंगात पाच ठिकाणं येतात: डोक्यावर केथर, कंठाशी दाथ, हृदयाशी टिफेरेथ, जननेंद्रियाशी येसोद, पावलांशी मल्खुथ. प्रत्येक ठिकाणी हिब्रू देवनाम घुमवायचं आणि वरचा प्रकाश खाली आणायचा. आता लं कुठे ठेवणार? लं पृथ्वीचं आणि मूलाधारातलं. त्यांची पृथ्वी म्हणजे मल्खुथ, ती पावलांशी. पाठीच्या कण्याच्या तळाशी त्यांच्याकडे येसोद, ते चंद्राचं ठाणं. टिफेरेथ सूर्याचं, हृदयात. आमच्या हृदयात अनाहत, तिथे वायू, बीज यं. तेजाचं रं नाभीत मणिपुरात, आणि मिडल पिलरमध्ये नाभीला स्वतंत्र ठाणंच नाही! कुणीतरी कागदावर दोन तक्ते शेजारी ठेवून रेघा ओढल्या की हे सगळं जुळल्यासारखं वाटतं. क्रॉलीच्या १९०९ च्या तक्त्यांच्या पुस्तकापासून ही सवय लागली. कब्बालातली केथर, मल्खुथ वगैरे दहा ठाणी (सेफिरोथ) एका रांगेत, सहा चक्रं आणि सहस्रार दुसऱ्या रांगेत, आणि शिल्लक उरेल ते दाबून बसवायचं.

दिशाही उलटी. कुंडलिनी खालून वर जाते, मिडल पिलर वरून खाली येतो. त्याला आमच्याकडे जवळचं काही असेल तर ते सृष्टिक्रमाचा, म्हणजे वरून खाली येणारा न्यास, किंवा सहस्रारातून परतताना कुंडलिनी नाड्यांवर अमृत शिंपत उतरते तो भाग. म्हणून मिडल पिलर मिडल पिलर म्हणूनच करा, हिब्रू नावांसकट. तशी ती शांत करणारी साधना आहे. अनेकांना ती मानवते.

चक्रांच्या रंगांबद्दलही सांगतो, कारण तुम्ही पाठवलेल्या फोटोत भिंतीवर सप्तरंगी चित्र दिसतंय. असंच चित्र आज पुण्यातल्या निम्म्या योगवर्गांत आहे आणि लोक ते प्राचीन समजतात. मूलाधार लाल, स्वाधिष्ठान नारिंगी, मणिपूर पिवळं, अनाहत हिरवं, अशी इंद्रधनुष्याची उतरंड विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिमेत रूढ झाली. सर जॉन वुड्रॉफ हे कलकत्ता हायकोर्टाचे न्यायाधीश. अटलबिहारी घोष यांच्यासारख्या जाणकारांच्या मदतीने त्यांनी 'आर्थर अ‍ॅव्हलॉन' या नावाने १९१९ मध्ये षट्चक्रनिरूपणाचं भाषांतर छापलं. पाश्चात्त्यांची चक्रविद्या बव्हंशी या एका पुस्तकावर उभी आहे. मूळ ग्रंथ पूर्णानंद या सोळाव्या शतकातल्या बंगाली साधकाचा. त्यात अनाहताच्या बारा पाकळ्या बंधूकाच्या फुलासारख्या लाल, आत धुरकट षट्कोण. हिरव्याचा पत्ता नाही. मूलाधाराच्या पाकळ्या लाल, पण आतला चौकोन पिवळा, त्यात लं, खाली ऐरावत, आणि त्रिकोणातल्या स्वयंभू लिंगाला वेटोळं घातलेली कुंडलिनी. पाकळ्यांची बेरीज करा: ४, ६, १०, १२, १६, २. पन्नास. ही मातृकेची, म्हणजे संस्कृत वर्णमालेची पन्नास अक्षरं. चक्र म्हणजे आधी अक्षरांची मांडणी, रंग नंतर. सप्तरंगी चित्रात अक्षरंच गळून पडलीत.

शिवाय सहा हाच एक आकडा नाही. पाच, नऊ, बारा चक्रांच्या परंपरा आहेत. लेडबीटर या थिऑसॉफिस्टाने १९२७ मध्ये चक्रांवर पुस्तक लिहिलं, त्यात स्वाधिष्ठानाच्या जागी प्लीहेजवळचं चक्र घातलं, कारण जननेंद्रियाच्या भागावर लक्ष नेणं त्याला घातक वाटत होतं. स्विस मानसशास्त्रज्ञ युंगने १९३२ मध्ये झ्युरिकला कुंडलिनीवर व्याख्यानं दिली, पण युरोपियनांनी प्रत्यक्ष योग करू नये असंच त्याचं मत होतं. ज्याने त्याने आपापल्या सोयीचं घेतलं.

आपल्या मराठी माणसाने मात्र चक्रांसाठी लंडनला जायची गरज नव्हती. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंकवात न्हालेलं नागिणीचं पिल्लू वेटोळं घालून निजलेलं आहे, शके १२१२ चं. निवृत्तिनाथांना गहिनीनाथांकडून मिळालेला तो नाथपंथी वारसा. आणि रोजचं म्हणाल तर अथर्वशीर्षात 'त्वं मूलाधारस्थितोऽसि नित्यम्' म्हणताना आपण काय म्हणतोय? रामरक्षेच्या सुरुवातीला बुधकौशिक ऋषी, अनुष्टुप छंद, सीता शक्ती, हनुमान कीलक असं जे येतं तो मंत्रशास्त्रातला विनियोग आहे. पुढे डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवावर रामाचं एकेक नाव ठेवतो, ते कवच. मराठी घरात दिवेलागणीला तंत्राचा सांगाडा रोज म्हटला जातो. वर्तमानपत्रात मात्र 'तांत्रिक' म्हणजे लिंबू-मिरची विकणारा भोंदू, आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात पकडला गेलेला. तो कायदा हवाच होता. पण शिवरायांचा दुसरा राज्याभिषेक, २४ सप्टेंबर १६७४ चा, निश्चलपुरी गोसाव्यांनी केलेला, तो तांत्रिक पद्धतीचा होता हेही आपल्याच इतिहासात आहे.

तंत्र म्हणजे लैंगिक साधना ही तुमच्या गटातल्या काहींची समजूत दिसते. तिचं मूळ भारतात कमी आणि अमेरिकेत जास्त आहे. पास्कल बेव्हर्ली रँडॉल्फ हा एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन, त्याने लैंगिक जादूची कल्पना मांडली. ती पुढे ओ.टी.ओ.सारख्या युरोपातल्या गुप्त मंडळांत पोचली आणि तिथून क्रॉलीकडे. १९०५ मध्ये पियर बर्नार्डने अमेरिकेत 'तांत्रिक ऑर्डर' काढली. वर्तमानपत्रांनी त्याची भानगड रंगवली आणि तंत्र हा शब्द तिथे कायमचा त्या अर्थाने चिकटला. पुढे पुण्यात कोरेगाव पार्कमधल्या रजनीशांच्या आश्रमातून निघालेल्या शिबिरांनी त्यावर कळस चढवला. पंचमकार (मद्य, मांस, मत्स्य, मुद्रा, मैथुन) आहेत, मी नाकारत नाही. पण ते कुलाचारात, म्हणजे कौल पंथाच्या आचारात, दीक्षितांसाठी, ठरलेल्या पूजाक्रमाच्या आत. महानिर्वाणतंत्रासारख्या ग्रंथात तर मद्याऐवजी दूध, साखर, मध आणि पाचव्या मकाराऐवजी देवीच्या चरणांचं ध्यान आणि जप असे पर्याय दिलेत. शनिवार-रविवारच्या जोडप्यांच्या शिबिराचा आणि याचा संबंध नावापुरता.

केनेथ ग्रँट (१९२४–२०११) यांचं नाव तुम्ही घेतलंय. क्रॉलीच्या शिष्यांतला हा वाचणारा माणूस. अद्वैतावरही त्यांनी लिहिलं आणि श्रीविद्येतल्या (ललिता देवीच्या उपासनेतल्या) सोळा कला त्यांनी आपल्या पद्धतीत आणल्या. पण त्या कलांचा अर्थ त्यांनी मुख्यतः स्त्रीदेहातल्या स्रावांशी लावला. आमच्याकडे पंधरा नित्या, म्हणजे तिथींच्या देवी, पंधरा तिथींना पुजल्या जातात, कामेश्वरीपासून चित्रेपर्यंत. कृष्णपक्षात क्रम उलटतो आणि सोळावी स्वतः ललिता. रोजच्या पूजेत आज कोणती तिथी आणि म्हणून कोणती नित्या, हा पंचांगाचा प्रश्न असतो. ग्रँट वाचायला जबरदस्त आहेत. साधनेसाठी त्यांच्यावर विसंबून राहू नका.

खऱ्या अर्थाने परंपरा पलीकडे न्यायचा प्रयत्न करणाऱ्यांत मला दादाजी महेंद्रनाथ लक्षात घेण्यासारखे वाटतात. जन्माने इंग्रज, मूळ नाव लॉरेन्स माइल्स. त्यांच्या सांगण्यानुसार १९५३ मध्ये मुंबईत त्यांना लोकनाथ नावाच्या आदिनाथ संप्रदायी साधूकडून दीक्षा मिळाली. आयुष्याची अखेरची वर्षं त्यांनी गुजरातेत मेहमदाबादला काढली. १९७८ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या माइक मगी यांना नाथदीक्षा दिली, त्यातून तिकडे एक मंडळ निघालं. त्याच्या अभ्यासक्रमात पाश्चात्त्य जादूचं पुष्कळ मिसळलेलं होतं. पण मगी यांनी पुढे संस्कृत तंत्रग्रंथांच्या भाषांतराचं जे काम केलं ते आजही उपयोगी पडतं. गुरूकडून शिष्याकडे काहीतरी सोपवलं गेलं आणि शिष्य मूळ ग्रंथांकडे वळला. असं क्वचित होतं.

आता आजीची वही. तुमच्या गटाचा विधी पंचकोनी ताऱ्याचा. कपाळ, छाती, खांद्यांना हात लावून हिब्रू शब्द म्हणायचे, चार दिशांना तारे काढून चार देवनामं, मग पूर्वेला राफाएल, पश्चिमेला गॅब्रिएल, दक्षिणेला मायकेल, उत्तरेला ऑरिएल. जागा शुद्ध आणि बंद करायची ही कल्पना आपल्याला नवी नाही. आपल्या पूजेत 'अपसर्पन्तु ये भूता' म्हणून डाव्या टाचेने जमिनीवर तीनदा आघात करतात, 'अस्त्राय फट्' म्हणून टाळी वाजवतात, डोक्याभोवती चुटक्या वाजवून दिग्बंध करतात. तरी दोन्ही विधी एकमेकांत मिसळू नयेत असं मी म्हणतो, कारण त्यांचा दिग्बंध विशिष्ट नावांनी, विशिष्ट देवदूतांच्या पहाऱ्यात झालेला आहे. त्या वर्तुळात नवार्ण म्हटला तर देवीला आसन दिलं नाही, आवाहन नाही, न्यास नाही, उपचार नाहीत, विसर्जन नाही. मंत्र नुसता आवाज म्हणून वापरला जातो. गटप्रमुखांना 'इंडियन एनर्जी' हवी आहे ती याच प्रकारची. नम्रपणे नाही म्हणा. ते समजूतदार असतील तर त्यांना हे पटेल, कारण त्यांच्या परंपरेतही बाहेरच्या माणसाला आतली नावं देत नाहीत.

नवार्ण दीक्षेचा मंत्र आहे. आपल्याकडे सप्तशतीच्या पाठाआधी आणि नंतर त्याचा जप होतो, आणि पाठाची परवानगी देताना कुळाचे उपाध्याय मंत्र देतात. पुरश्चरणाचा (मंत्रसिद्धीसाठी ठरलेल्या संख्येच्या जपाचा) प्रचलित नियम अक्षराला एक लाख, म्हणजे नऊ लाख जप. त्याचा दशांश हवन ९० हजार, त्याचा दशांश तर्पण ९ हजार, मार्जन ९००, आणि ९० जणांना भोजन. माळ १०८ मण्यांची असली तरी शंभरच धरायची, वरचे आठ चुकांपोटी. रोज दहा माळा केल्या तरी ९०० दिवस लागतात. काही परंपरांत संख्या कमी आहे, हवनाऐवजी जास्तीचा जप चालतो, ते गुरू सांगतात. अडीच वर्षं रोज एका आसनावर बसणं ज्याला जमत नाही, त्याला दीक्षा घेऊनही फारसं हाती लागत नाही, हे मी बघत आलोय.

तोवर काय? अथर्वशीर्ष, रामरक्षा, देवी कवच म्हणा, श्रीसूक्त येत असेल तर तेही. यांना दीक्षा लागत नाही. गटाची साधना करायची तर वेगळ्या वेळी, वेगळ्या आसनावर करा. सकाळी एक आणि रात्री एक, मध्ये स्नान किंवा निदान हातपाय धुणं.

आणि वही नीट बघा. मंत्राच्या वर-खाली ऋषी, छंद लिहिलेत का? आकडे आहेत का? असतील तर ती आजींची जपसंख्या असू शकते. पहिल्या किंवा शेवटच्या पानावर एखाद्या महाराजांचं नाव, मठाचं नाव, एखादी तिथी सापडते का? कोल्हापुरात आत्या, मामी, आजींच्या मैत्रिणी कुणी असतील तर त्यांना फोन करून एकच विचारा: आजीला मंत्र कुणी दिला होता? आजींच्या पिढीतल्या बायका बहुधा नवऱ्याबरोबर किंवा सासूच्या गुरूंकडून दीक्षा घेत, त्यामुळे घरात आणखी कुणाला तरी माहीत असण्याची शक्यता बरीच आहे. ती गुरुपरंपरा चालू असेल तर पुढच्या सुट्टीत आलात की तिथे जाऊन भेटा, वही बरोबर न्या.